घरपोच मालामागील श्रम



द्वारका चौकातील कोंडी पार करून जुन्या नाशकात शिरलेली मालाची गाडी भद्रकालीच्या अरुंद गल्ल्यांत अडते. चालक ती कडेला लावतो, खोकी खांद्यावर घेतो आणि पायी निघतो. पत्ता असतो केवळ ‘मारुती मंदिरामागे’. पंचवटीत आणि सिडकोत अशी मंदिरे किती, हे आपण जाणताच! घर सापडले तर दाराला कुलूप. जेथे मोबदला नगामागे ठरलेला असतो, तेथे हा शोध, हे जिने, ही प्रतीक्षा यांचे मोल शून्य. इंधन व दुरुस्तीचा खर्च पुष्कळदा त्याच्याच खिशातून होतो.

मोटार परिवहन कामगार अधिनियम, १९६१ अन्वये २०२५ पर्यंत कामाची मर्यादा दिवसाला ८ व आठवड्याला ४८ तासांची होती. परंतु स्वतःचे वाहन आणणाऱ्यास ‘कामगार’ऐवजी ‘भागीदार’ म्हटले, की तिचा आधार त्याला उरत नसे. एका शब्दाने एवढे होई!

२०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने अशा श्रमिकांची व्याख्या केली. मध्यस्थ कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के, मात्र श्रमिकांना दिलेल्या रकमेच्या ५ टक्क्यांच्या मर्यादेत, अंशदान द्यावे अशी तीत तरतूद आहे. संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली. लाभासाठी नोंदणी मात्र हवी. २०२१ मध्ये सुरू झालेल्या ई-श्रम संकेतस्थळावर आधार क्रमांकाने ती विनामूल्य होते. चालकांनी ती अवश्य करावी. आणि माल मागविणाऱ्यांनी पत्त्यात घरक्रमांक, गल्ली व मजला लिहावा, दूरध्वनी वाजला तर उचलावा.