औषधाचे दुकान आणि आमचे विद्यार्थी
(मंडळाच्या विद्यार्थी-गुणगौरव समारंभात केलेले भाषण)



माझे आयुष्य औषधांच्या दुकानात गेले, हे जाणून मंडळाच्या चालकांनी मला आज चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. यंदाच्या गुणवंतांच्या यादीत फार्मसीची पदविका व पदवी घेणारी मुलेमुली आहेत. त्यांच्यापैकी काहींशी मी या निमित्ताने मुद्दाम बोललो. शिक्षण पुरे झाल्यावर गावातील वा पेठेतील औषधाच्या दुकानात उभे राहण्याची तुमची इच्छा आहे काय, एवढाच माझा प्रश्न होता. बहुतेकांनी नम्रपणे, परंतु स्पष्टपणे नकार दिला. त्या नकारामागची कारणे आपण वडीलधाऱ्यांनी ऐकून घ्यावीत, असे मला वाटते.

पहिले कारण प्राप्तीचे. नोकरीच्या दुकानात पगार थोडा, उभे राहण्याचे तास फार, आणि सणवारीही सुटी नाही. स्वतःचे दुकान काढावे तर भांडवल हवे. त्यातून मोठ्या कंपन्यांच्या दुकानांची साखळी आणि घरपोच औषधे सवलतीत देणारे नवे व्यापारी यांच्याशी स्पर्धा. दुसरे कारण मानाचे. “चार वर्षे शिकून शेवटी पुड्याच बांधायच्या काय?” असे एकाने मला विचारले. तिसरे कारण शिक्षणाचे. महाविद्यालयात गोळी कशी तयार होते, हे सविस्तर शिकविले जाते. ती घेणाऱ्या माणसाशी कसे बोलावे, याचा अभ्यास त्या मानाने थोडा होतो. पदविकेनंतर 500 तासांचे प्रत्यक्ष शिक्षण नियमाने आवश्यक आहे; पण कित्येक ठिकाणी ते केवळ कागदावर सही-शिक्क्याने पुरे होते, असे विद्यार्थीच सांगतात. उलट, एक-दोन मुलींनी मात्र सांगितले की, आपल्याच गावी राहून स्वतंत्रपणे करता येईल असा हा धंदा असल्याने त्यांना तो आवडेल.

या तक्रारी खोट्या नाहीत. किमतीवर नियंत्रण असलेल्या औषधांची कमाल किंमत ठरविताना 2013 च्या आदेशाने किरकोळ विक्रेत्यासाठी 16 टक्के नफा धरला आहे. रोग्याला दिलेल्या सल्ल्याचे वेगळे मोल त्यात कोठेही नाही. इंग्लंडमध्ये जानेवारी 2024 पासून घसा दुखणे, कान दुखणे यांसारख्या सात साध्या विकारांवर ठराविक मर्यादेत उपचार करण्याचे काम औषधविक्रेत्यांकडे सोपविले गेले आणि त्याबद्दल सरकार त्यांना मोबदला देते. आपल्याकडे तशी व्यवस्था झालेली नाही. तेव्हा मुलांना दोष देऊन भागणार नाही.

तथापि, हे काम पुड्या बांधण्याचे आहे, ही समजूत मात्र मला मान्य नाही. 1930 साली सरकारने कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली औषध चौकशी समिती नेमली. 1932 साली महादेवलाल श्रॉफ यांच्या प्रयत्नाने काशीच्या हिंदू विश्वविद्यालयात या शास्त्राचे शिक्षण सुरू झाले. पुढे 1948 चा फार्मसी कायदा आला. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरील औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यावे, हे त्याच्या 42 व्या कलमाचे सार आहे. कायद्याने एवढा विश्वास उगीच टाकलेला नाही.

उदाहरण घ्या. संधिवातावर दिले जाणारे मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा घ्यावयाचे असते. तेच कोणी रोज घेऊ लागले तर जिवावर बेतते. रक्त पातळ ठेवणारे वॉरफरिन चालू असलेल्या माणसाने अंगदुखीची गोळी मनाने घेतली तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. सिप्रोफ्लॉक्सासिन दुधाबरोबर घेतले तर ते अंगी पुरेसे लागत नाही. न उघडलेले इन्सुलिन 2 ते 8 अंश तापमानात ठेवावे लागते. डॉक्टरांच्या दाराशी गर्दी असते. हे सारे शांतपणे समजावून सांगणारा शेवटचा माणूस दुकानातलाच असतो. तो जागेवर नसेल तर चुकीला अडविणारा कोणी उरत नाही.

आणि येथेच मला एक अप्रिय गोष्ट बोलावयाची आहे. मुलगा वा मुलगी फार्मसी उत्तीर्ण झाली की, तिचे प्रमाणपत्र दुसऱ्याच्या दुकानाला भाड्याने देण्याचा प्रघात समाजात पडला आहे. प्रमाणपत्र एकाचे, भिंत दुसऱ्याची आणि काउंटरवर तिसराच! दरमहा घरबसल्या रक्कम येते, म्हणून आईबापांनाही त्यात वावगे वाटत नाही. परंतु हे बेकायदेशीर तर आहेच, शिवाय आपल्या मुलांच्या तक्रारीचे मूळही त्यातच आहे. जेथे नुसता कागद थोड्या पैशांत मिळतो, तेथे शिकलेल्या माणसाला पुरा पगार कोण देईल? आणि ज्या दुकानात कोणीही उभा राहून औषध देतो, तेथे उभे राहणाऱ्याला मान कोठून मिळणार? कागद भाड्याने देणारा आपल्याच भावाची भाकरी कमी करतो, आणि औषध नेणाऱ्याचा जीव टांगणीस लावतो.

यावर आपल्या मंडळाने काय करावे? माझ्या तीन सूचना आहेत. ज्ञातीतील ज्या बंधूंची दुकाने आहेत त्यांनी दरवर्षी एक-दोन विद्यार्थ्यांना ते 500 तास खरोखर उभे करून शिकवावे, आणि शिकविल्याशिवाय सही करू नये. शिष्यवृत्ती फंडातून नवे दुकान काढणाऱ्या होतकरूस परतफेडीच्या अटीवर बिनव्याजी रक्कम द्यावी. मात्र तो स्वतः दुकानात हजर राहील, ही अट घालावी. आणि वधूवर-सूचक पत्रकात ‘दुकान सांभाळतो’ असे ओशाळून न लिहिता ‘नोंदणीकृत फार्मासिस्ट’ असे अभिमानाने लिहावे.

विद्यार्थिमित्रांनो, कारखान्यात वा परदेशात जाण्यास मी तुम्हांस मना करीत नाही. ज्याला जे रुचेल ते त्याने करावे. एवढेच मागतो की, नाव नोंदविल्यावर ते नाव विकू नका. जेथे तुमचे प्रमाणपत्र टांगलेले असेल, तेथे तुम्ही स्वतः उभे असा.