एकाने वाचावे, दहांनी ऐकावे



सोलापूर शहराच्या पूर्व भागातील भवानी पेठेत सकाळच्या वेळी कोणी पायी फिरू लागला, तर दोन गोष्टी त्याच्या लक्षात आल्यावाचून राहत नाहीत. एका दारातून यंत्रमागाचा खडखडाट ऐकू येतो, तर दुसऱ्या दारात मांडीवर सूप घेऊन विड्या वळीत बसलेली स्त्री दिसते. तेलंगणातून पोटापाण्यासाठी आलेल्या पद्मशाली विणकरांच्या कित्येक पिढ्या या भागात रुजल्या. त्यामुळे घरात तेलुगू आणि बाजारात मराठी, असा येथील अनेक कुटुंबांचा भाषाव्यवहार आहे. अशा कष्टकरी वस्तीत पुस्तकाला जागा कोठे, असा प्रश्न सहजच मनात येतो.

वेळ मिळत नाही, ही येथील स्त्रियांची तक्रार खोटी नव्हे. विडीची मजुरी हजाराच्या हिशेबाने मिळते. भिजवलेले पान मापाने कापावे, त्यात तंबाखू भरावी, ते वळून दोऱ्याने बांधावे, आणि हे दिवसभर करीत राहावे. हात थांबला की मजुरी थांबली. पुस्तक हाती धरावयाचे तर सूप खाली ठेवावे लागते, आणि ते परवडणारे नसते. तथापि या धंद्याची एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. यंत्रमागाच्या आवाजात कानही अडकून पडतात. विडी वळताना मात्र हात गुंतलेले असले तरी कान मोकळे राहतात.

या मोकळ्या कानांचे मोल तंबाखूच्याच धंद्यातील कामगारांनी पूर्वी ओळखले आहे. क्यूबाची राजधानी हवाना येथील सिगार कारखान्यांत १८६५ साली एक प्रथा सुरू झाली. कामगार आपापल्या मजुरीतून वर्गणी काढून एक वाचक नेमीत. तो उंच आसनावर बसून वृत्तपत्रे व कादंबऱ्या मोठ्याने वाची, आणि कोणते पुस्तक ऐकावयाचे ते कामगारच ठरवीत. द्युमाच्या 'मॉन्टे क्रिस्टो'च्या कथेने या श्रोत्यांना एवढी भुरळ घातली की, पुढे एका सिगारलाच ते नाव मिळाले. आपल्या देशातही केरळच्या कण्णूर भागातील विडी कामगारांत अशीच रीत होती. एकाने वाचावे आणि त्याच्या वाट्याच्या विड्या इतरांनी वळून द्याव्या, असा तो साधा व्यवहार होता.

सोलापूर जिल्ह्याला तर श्रवणाची परंपरा नवी नाही. 'हरिविजय', 'पांडवप्रताप' हे ग्रंथ रचणारे श्रीधरस्वामी नाझरे गावचे, म्हणजे याच जिल्ह्यातले. एकाने पोथी वाचावी व आळीने ऐकावी, या रीतीने त्यांचे ग्रंथ निरक्षर माणसांपर्यंतही पोहोचले. तेलुगू भाषकांना पोतन्नाच्या भागवताची ओळखही बहुधा कानांवाटेच झालेली असते. पोथीला मिळालेली ही वाट कथा-कादंबरीला आणि आत्मचरित्राला का मिळू नये?

महाराष्ट्रात १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला. अ, ब, क, ड अशा वर्गांनुसार शासनमान्य ग्रंथालयांना अनुदान मिळू लागले आणि गावोगावी पुस्तकांची कपाटे उभी राहिली. परंतु अनुदान पुस्तकाला कपाटापर्यंत आणते. कपाटापासून उंबरठ्यापर्यंतचे अंतर वाचकानेच तोडावयाचे असते. प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे, हे तत्त्व डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडले. ही गाठ घालून देणारा उत्तम मध्यस्थ म्हणजे ते पुस्तक नुकतेच वाचलेला शेजारी होय.

एका वाचकाच्या आग्रहाने काय घडू शकते, याचे उदाहरण बहिणाबाई चौधरी यांच्या कवितेत आहे. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांच्या ओव्या घरच्यांनी वहीत उतरवून ठेवल्या होत्या. १९५१ साली त्यांचे निधन झाले. त्यानंतर पुत्र सोपानदेव यांनी ती वही आचार्य अत्रे यांना दाखविली, आणि अत्रे यांच्या आग्रहामुळे १९५२ मध्ये त्या कविता महाराष्ट्रासमोर आल्या. निरक्षर स्त्रीने रचलेले हे काव्य आज निरक्षर स्त्रीला वाचून दाखविले, तर ते तिला परके वाटणार नाही.

मोठ्याने वाचण्याजोगी पुस्तके मराठीत थोडी नाहीत. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' ऐकताना हसू आणि आसू दोन्ही येतात. गिरणीच्या भोंग्याशी नाते असलेल्यांना नारायण सुर्वे यांचे 'माझे विद्यापीठ' आपले वाटेल. सोलापूरच्या विडी कामगार स्त्रियांचा तर एका पुस्तकावर विशेष हक्क आहे. शहरालगत कुंभारी येथे त्यांच्यासाठी दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली व २००६ साली घरांचे हस्तांतरण झाले. तिला गोदूताई परुळेकर यांचे नाव आहे. वारली आदिवासींच्या वेठबिगारीविरुद्धच्या लढ्याची कहाणी सांगणारे 'जेव्हा माणूस जागा होतो' हे पुस्तक त्यांचेच. ते १९७० साली प्रसिद्ध झाले आणि त्याला १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. जिच्या घराच्या पत्त्यात हे नाव रोज लिहिले जाते, तिच्या कानांवर हे पुस्तक एकदा तरी पडावे.

यासाठी सभागृह नको की व्यासपीठ नको. मराठी शाळेत जाणारी आठवी-नववीतील मुलगी संध्याकाळी आईजवळ बसून दहा पाने वाचू शकते. अडलेला शब्द तिने तेलुगूत समजावून सांगावा. त्यात दोन्ही भाषांचा लाभ आहे. दुसऱ्या दिवशी तयार विड्या कारखान्यात देताना रांगेत उभ्या असलेल्या मैत्रिणीला आईने म्हणावे, "काल पोरीनं वाचून दाखवलं, तूही ऐक." पुस्तकाची याहून प्रभावी जाहिरात नाही. मात्र शिफारस प्रामाणिक असावी. काय आवडले तसे काय कंटाळवाणे वाटले तेही सांगावे, म्हणजे पुढच्या वेळी सांगणाऱ्याच्या शब्दावर विश्वास बसतो.

पुस्तके आणावयाची कोठून, या प्रश्नालाही उत्तर आहे. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानने २००९ साली 'ग्रंथ तुमच्या दारी' हा उपक्रम सुरू केला. शंभर पुस्तकांची एक पेटी वाचकांच्या गटाकडे द्यावयाची आणि वाचून झाली की ती दुसऱ्या गटाच्या पेटीशी बदलावयाची, ही त्याची साधी पद्धत आहे. ती परदेशांतील मराठी कुटुंबांपर्यंतही पोहोचली. भवानी पेठेत एवढ्या मोठ्या पेटीनेच आरंभ व्हावा असे नाही. दहा घरांनी मिळून नजीकच्या ग्रंथालयाचे सभासदत्व घ्यावे, आणलेले पुस्तक आळीपाळीने वाचावे व पुढच्या घरी देताना त्याविषयी चार शब्द सांगावेत, एवढे पुरे आहे.

दिवेलागणीनंतरही ओट्यावर विड्या वळण्याचे काम चालूच असते. त्या वेळी शेजारी बसून कोणी एक प्रकरण वाचून दाखविले, तर मजुरी बुडणार नाही. उद्या पुढे काय होते, हे ऐकण्याची ओढ मात्र त्या घराला लागेल.