घरचे गाणे आणि मागे राहिलेले मूल
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



स्पॅनिश गाण्यांचा आपल्याशी काय संबंध, असे आपल्यापैकी काहीजणींना वाटले असेल. परंतु ज्या घरात उशिरा बोलणारे, स्वमग्न किंवा सावकाश शिकणारे मूल आहे, त्या घरातील आईची काळजी सर्व देशांत सारखीच असते. म्हणून दूरच्या भगिनींचा अनुभव आज आपल्यापुढे ठेवते.

अमेरिकेत घरी स्पॅनिश बोलणारे चार कोटींहून अधिक लोक आहेत. त्यांच्यातील एखाद्या आईचे मूल बोलण्यात मागे पडले, की तिला पुष्कळदा एकच सल्ला मिळे : घरची भाषा बंद करा, दोन भाषांनी मुलाचा गोंधळ होतो. सल्ला हितबुद्धीचाच असे. पण जिला इंग्रजी धड येत नाही ती आई मुलाशी बोलणेच कमी करी, आणि आजी तर मुकीच होई. ज्या मुलाला शब्दांची गरज अधिक, त्याच्याच वाट्याला शब्द कमी येत.

१९७५ साली तेथे अपंग मुलांच्या शिक्षणाचा कायदा झाला. अशा मुलाची तपासणी शक्यतो त्याच्या स्वतःच्या भाषेत व्हावी, असे त्यात सांगितले आहे. पुढे डाऊन सिंड्रोम असलेल्या आणि स्वमग्न मुलांचे अभ्यास झाले. दोन भाषांमुळे त्यांचे बोलणे अधिक मागे पडते, असे त्यांत आढळले नाही.

मग घरची भाषा मुलापर्यंत कशी पोहोचवावी? येथे गाणे मदतीला येते. चिलीचे कवी इस्माएल पार्रागेस यांचे कोंबडीच्या पिलांचे एक गाणे स्पॅनिश घरांत शंभराहून अधिक वर्षे चालत आले आहे. पिलांना भूक लागते, थंडी वाजते, आणि आई त्यांना दाणे देऊन पंखाखाली घेते, एवढाच त्यातला विषय. पण भूक आणि थंडी या दोनच गोष्टी सांगता येत नाहीत म्हणून कितीतरी मुले रडतात, आदळआपट करतात! गाताना आई भुकेला पोटावर हात ठेवते, थंडीला अंग आवळून घेते. शब्द आला नाही तरी मूल खूण शिकते, आणि त्याचे म्हणणे कळू लागते.

गाण्याची चाल रोज तीच, म्हणून पुढे काय येणार हे मुलाला ठाऊक असते. त्याची भीती जाते. ओळीच्या शेवटच्या शब्दाआधी थांबावे आणि मुलाकडे पाहावे. घाई करू नये. आज नुसते ओठ हलतील, महिन्याने आवाज निघेल. नजर वळली तरी ते उत्तरच समजावे. मोठा आवाज सोसत नसेल तर हळू गुणगुणावे. खेळ आवरताना एक, हात धुताना एक, असे ठरावीक गाणे ठेवले की एक काम सोडून दुसऱ्याकडे वळताना होणारा त्रागा कमी होतो.

मेक्सिकोत जन्मलेले होसे-लुईस ओरोस्को यांनी अशी पारंपरिक बालगीते अमेरिकेतील मुलांपर्यंत नेली. त्यांचा 'दे कोलोरेस' हा संग्रह १९९४ साली निघाला. शिक्षिका वर्गात हीच गाणी म्हणू लागली, की मुलाला घर आणि शाळा एकमेकांशी जोडलेली वाटतात.

गाण्याने व्यंग बरे होत नाही, हे स्पष्ट सांगते. वाचा-उपचार आणि कानांची तपासणी वेळेवर झालीच पाहिजे. पण त्यासाठी घरचे बोलणे बंद करण्याचे कारण नाही.

आपल्याकडेही मूल इंग्रजी शाळेत गेले, की 'आता घरी मराठी नको' असे सांगणारे भेटतात. अशा वेळी त्या आईला धीर द्या. तिच्या सासूबाईंना सांगा, तुमची बडबडगीते, तुमच्या ओव्या त्या नातवाला हव्या आहेत. आणि आपल्या शेजारी असे मूल असेल तर हळदीकुंकवाला त्याच्या आईला त्याच्यासह बोलवा. त्याच्याबरोबर एक गाणे म्हणा. यासाठी वर्गणी लागत नाही.