सीएनजीची टाकी आणि ती छोटी पाटी

आज सीएनजीच्या टाकीबद्दल बोलू. पंपावर गॅस भरायच्या आधी आपल्याला गाडीतून उतरवतात ना, ते का, इथूनच सुरुवात करतो.

कारण दाब. कारच्या टायरमध्ये साधारण 2 बार हवा असते. सीएनजीच्या टाकीत गॅस 200 बारपर्यंत भरतात, म्हणजे शंभर पट. आणि रिक्षा-टॅक्सीची टाकी रोज रिकामी होते, रोज भरते. दर वेळी पोलाद किंचित फुगतं, पुन्हा आकसतं. डोळ्यांना दिसत नाही, पण धातू थकतो. त्यात पावसाळा, चिखल, गंज. ‘सीएनजी हवेपेक्षा हलका, गळला तर वर उडून जातो’ असं आपण ऐकतो. खरंय ते. पण ते गळतीबद्दल झालं, टाकी फुटण्याबद्दल नाही.

म्हणून गॅस सिलिंडर नियम, 2016. हे 1884 च्या स्फोटकांच्या कायद्याखाली येतात, आणि ते राबवणाऱ्या ‘पेसो’चं मुख्यालय आपल्या नागपुरात आहे. गाडीतल्या टाकीची दर 3 वर्षांनी हायड्रो टेस्ट करावी लागते. टाकी गाडीतून काढायची, पाण्यानं भरायची, नेहमीपेक्षा बराच जास्त दाब द्यायचा आणि किती फुगली ते मोजायचं. दाब काढल्यावर ती मूळ मापाच्या जवळ परत आली नाही, तर बाद. पाणीच का? पाणी जवळजवळ दाबलं जात नाही, त्यामुळे टेस्टमध्ये टाकी फुटलीच तरी गॅससारखा स्फोट होत नाही. मला ही युक्ती फार आवडते.

आता खरा प्रश्न. माझे मामा रिक्षा चालवतात. टेस्ट म्हणजे धंदा बुडणार. त्यांना एक जण भेटला: “टाकी काढायची गरज नाही, नवी पाटी लावून देतो, कागदपण देतो.” मामा मला म्हणाले, “अरे, पंपावरचा पोरगा तारीखच बघतो ना?” बरोबर आहे, तारीखच बघतो. आमच्या सॉफ्टवेअरमध्येही टेस्ट न चालवता रिपोर्ट हिरवा दाखवणारे महाभाग असतात. पण तिथे फार तर ॲप बंद पडतं. इथे मागे तीन माणसं बसलेली असतात. मामांनी शेवटी रीतसर टेस्ट केली, टाकी पास झाली. दीड दिवसाचा धंदा गेला, हे अजून ऐकवतात मला.

अमेरिकेत वेगळी पद्धत आहे. तिथल्या एफएमव्हीएसएस 304 या मानकानुसार टाकीवरच ‘या तारखेनंतर वापरू नका’ असं लिहावं लागतं. शिवाय कारसाठी 36 महिने किंवा 36,000 मैल, जे आधी होईल तेव्हा, आणि अपघात किंवा आगीनंतर टाकी नजरेनं तपासून घ्या, असंही लेबलवर असतं. आपला नियम त्याहून कडक आहे, माझ्या मते चांगलाही आहे. फक्त तो शेवटी एका पाटीवर येऊन थांबतो, आणि पाटी बदलता येते.

टाकीवर कोरलेला नंबर मात्र सहज बदलत नाही. म्हणून सेकंडहँड सीएनजी गाडी घेताना डिकी उघडा, टाकीच्या गळ्याजवळचा नंबर वाचा आणि पाटीवरच्या व सर्टिफिकेटवरच्या नंबराशी जुळवा. टेस्टची तारीख त्यानंतर बघा. नंबर जुळत नसेल तर विकणाऱ्याला तिथेच विचारा, टोकन द्यायच्या आधी.