'अज्ञेयवादी' : एका शब्दाची कुळकथा

'आस्तिक' व 'नास्तिक' हे शब्द प्राचीन. 'अज्ञेयवादी' मात्र अर्वाचीन. त्याचे मूळ इंग्लंडात आहे. १८६९ साली थॉमस हेन्री हक्स्ले या जीवशास्त्रज्ञाने 'अ‍ॅग्नॉस्टिक' हा शब्द घडविला. आरंभीच्या ख्रिस्ती काळातील 'नॉस्टिक' पंथ गूढ ज्ञान लाभल्याचा दावा करीत. त्या दाव्याला हक्स्लेने नकाराचा 'अ' जोडला. ग्रीक 'ग्नो' आणि संस्कृत 'ज्ञा' हे धातू एकाच कुळातले. म्हणून मराठी प्रतिशब्द घरचाच वाटतो.

तथापि भाषांतरात एक सूक्ष्म अंतर पडले. 'अज्ञेय' म्हणजे जे जाणताच येत नाही ते. हा अर्थ हर्बर्ट स्पेन्सरने १८६२ मध्ये मांडलेल्या विचाराशी अधिक जुळतो. हक्स्लेचा आग्रह ज्ञात्याच्या सचोटीविषयी होता. हा पंथ नसून पद्धती आहे, पुराव्यावाचून निश्चितीचा दावा करू नये, असे त्याने १८८९ मध्ये स्पष्ट केले. मराठीत 'वाद' जोडताच त्या पद्धतीला मताचे रूप आले.

गोपाळ गणेश आगरकरांना हे विशेषण लावताना हा भेद स्मरणात ठेवावा. 'कळणारच नाही' म्हणणारा शोध थांबवितो. 'अद्याप कळले नाही' म्हणणारा तो चालू ठेवतो.