लग्नाचा हिशेब : पाकिस्तानी दूरचित्रमालिकांतील विवाह आणि पैसा



ज्या बाईंच्या स्मृतीस ही व्याख्यानमाला वाहिलेली आहे, त्या आम्हांस गणित शिकवीत. आजचा विषय मी त्यांच्यामुळे निवडला, असे सांगितले तर आपणांपैकी काहींना नवल वाटेल. १९८०च्या दशकात कराचीच्या मालिका व्हिडिओ कॅसेटींवरून आपल्या हैदराबादेत येत. एक कॅसेट आमच्या गल्लीतील चार घरे फिरे. बाईंचे शिक्षण निजामी अमदानीतले. उर्दू त्यांना मराठीइतकीच जवळची. हसीना मोईन यांची १९८५ सालची ‘तनहाइयाँ’ ही मालिका त्या आमच्या घरी बसून पाहत होत्या. आईवडील अपघातात जातात, कर्जापायी घर विकले जाते आणि ते परत मिळविण्याचा पण झारा नावाची थोरली मुलगी करते, अशी ती कथा. सर्वांचे डोळे ओलावले असता बाईंनी विचारले, “अरे, कर्ज होते तरी किती? ते कळल्यावाचून ही पोर किती वर्षे राबणार, हे कसे समजावे?” आम्ही हसलो. त्यानंतर मी पुष्कळ मालिका पाहिल्या आणि तो प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता, हे हळूहळू ध्यानी आले.

मुसलमानी विवाह हा करार आहे, हे आपण जुन्या हैदराबादकरांना वेगळे सांगावयास नको. त्या कराराचा एक आधार पैशाचा. वराने वधूस द्यावयाचा मेहर हा तिचा, केवळ तिचा हक्क. पाकिस्तानात १९६१ साली मुस्लिम कौटुंबिक कायद्यांचा वटहुकूम निघाला आणि निकाहनाम्याचा छापील नमुना ठरला. त्याच्या तेराव्या रकान्यात मेहरची रक्कम लिहावयाची. चौदाव्यात त्यांतील किती मागताक्षणी द्यावयाची आणि किती पुढे. या दोन प्रकारांना उर्दूत जे शब्द आहेत ते दोन्ही कानाला ‘मुअज्जल’ असेच ऐकू येतात. फरक लिहिण्यात, एका अक्षराचा. बाई म्हणत, की ज्याने ही भाषा घडविली तो नक्की वरपक्षाचा असावा! अठराव्या रकान्यात आणखी महत्त्वाची गोष्ट आहे : तलाक देण्याचा आपला अधिकार पतीने पत्नीस सोपविला आहे काय, आणि असल्यास कोणत्या अटींवर. हा रकाना निकाहाच्या वेळी बहुधा रेघ ओढून बंद केला जातो.

हुंड्याचे पाहा. आपल्याकडे १९६१च्या कायद्याने हुंड्यास बंदी केली. पाकिस्तानने १९७६ साली बंदी न करता मर्यादा घातली. जहेज पाच हजार रुपयांपर्यंत, विवाहाचा खर्च अडीच हजारांपर्यंत. दोन्ही कायद्यांची गत काय झाली, ते आपण जाणताच. दख्खनच्या मुसलमानांतील ‘जोडे की रकम’ आणि आपल्या घरांतील ‘याद्या’ यांत नात्याचा फरक फार थोडा आहे.

आता मालिकांकडे येऊ. शौकत सिद्दीकी यांची ‘खुदा की बस्ती’ ही कादंबरी पाकिस्तान टेलिव्हिजनने १९६९ साली मालिकारूपाने दाखविली आणि १९७४ मध्ये पुन्हा नव्याने केली. गरीब वस्तीतील एक विधवा, तिचे दोन मुलगे आणि सुलताना नावाची मुलगी. नियाज हा भंगारवाला त्या घरात ये-जा करतो. त्याचा डोळा मुलीवर. पण लग्न करतो तो आईशी. नंतर तो तिचा विमा उतरवितो आणि एका डॉक्टरास हाताशी धरून सुयांवाटे तिच्या अंगात हळूहळू विष भिनवितो. विवाह आणि पैसा यांचे नाते इतक्या उघड्या रूपात मी अन्यत्र क्वचितच पाहिले आहे. येथे हुंडा नाही, कारण देण्यास काही नाही. अशा बाईचीही किंमत निघू शकते, मात्र ती तिच्या मरणाची, हे त्या भंगारवाल्यास समजले आहे. मोडक्या वस्तूत किती पैसे दडले आहेत, हे ओळखणे हाच त्याचा धंदा. आणि त्या विधवेने त्याला हो का म्हणावे? कारण पुरुषावाचून त्या घराचे रेशन चालत नाही. यात प्रेमाचा प्रश्नच कोठे उद्भवत नाही.

याच सुमारास फातिमा सुरय्या बजिया यांच्या ‘शमा’, ‘अफशां’ या मालिका आल्या. बजियांचा जन्म आपल्याच हैदराबाद संस्थानातला, १९३०चा. फाळणीनंतर त्या कराचीस गेल्या. त्यांच्या मालिकांतील मोठी घरे, आत्या, मावशा आणि शिवणटिपण पाहताना येथील कित्येक जुन्या हवेल्या आठवतात. पैशाचा उच्चार तेथे वडीलधाऱ्यांच्या बैठकीपुरता, दबक्या आवाजात होई.

हसीना मोईन यांनी तो मुलींच्या तोंडी दिला. १९८२च्या ‘अनकही’मधील सना मुराद घरच्या गरजेपोटी नोकरी धरते, चुका करते, बडबड करते. त्या काळी झिया राजवटीत स्त्रियांनी पडद्यावर डोके झाकावे, असे आदेश निघत होते हे ध्यानात घेतले, म्हणजे या मुलींच्या पगाराचे मोल कळते. ‘तनहाइयाँ’तील झारासाठी विवाह हा घर मिळविण्याचा मार्ग नाही, उलट घराच्या ध्यासापायी ती जवळच्या माणसांपासून तुटत जाते. हसीनाबाईंनी तिच्या जिद्दीची किंमतही दाखविली, हे त्यांचे प्रामाणिकपण.

२००२ नंतर खाजगी वाहिन्या आल्या. जाहिराती वाढल्या, घरांचे बंगले झाले, आणि नायिका पुन्हा एकदा रडू लागली. २०११ साली सुरू झालेल्या ‘हमसफर’मधील खिरदची आई आजारी, उपचारांचा भार श्रीमंत भावावर, त्या भावाच्या मुलाशी खिरदचा निकाह होतो तो याच उपकारांच्या छायेत. सासूच्या कारस्थानाने ती घराबाहेर फेकली जाते, आणि चार वर्षांनी मुलीच्या हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी पैसे मागावयास पतीच्या दारी परत येते. कथेतील दोन्ही वळणांवर रुग्णालयाचा खर्च उभा आहे. आपण तिला प्रेमकथा म्हणून पाहिले. पुढे २०१४ मध्ये ‘जिंदगी’ वाहिनी भारतात आली. २०१६च्या सप्टेंबरात तिने पाकिस्तानी मालिका थांबविल्या. या दोन वर्षांत ‘जिंदगी गुलजार है’ येथेही घरोघरी पाहिली गेली. मुलगा झाला नाही म्हणून नवऱ्याने दुसरे लग्न केले, आणि शाळेत शिकवून तीन मुलींना वाढविणारी राफिया या मालिकेचा खरा कणा आहे. तिची मुलगी कशफ सरकारी अधिकारी होते. मात्र लेखिकेने एक गोष्ट केली, ती मला खटकते : श्रीमंत घरातील जी स्त्री बाहेर काम करते, ती मुलांकडे दुर्लक्ष करणारी; आणि गरिबीपायी काम करते ती थोर. म्हणजे स्त्रीने मिळवावे, पण नाइलाज म्हणून.

या विचाराचे टोक २०१९ सालच्या ‘मेरे पास तुम हो’मध्ये दिसले. प्रामाणिक सरकारी नोकर दानिश, अधिकाची हौस असलेली त्याची पत्नी महविश, आणि तिला मोहविणारा धनिक शहवार. ती घर सोडते तेव्हा शहवार दानिशला पाच कोटी देऊ करतो. त्यावर दानिश पत्नीचे मोल दोन टक्यांचे ठरवितो, आणि त्या एका वाक्यावर सारा देश टाळ्या वाजवितो. २०२०च्या जानेवारीतील शेवटचा भाग तर चित्रपटगृहांतून दाखविण्यात आला. मित्रहो, त्या वाक्यास टाळी देण्यापूर्वी थोडे थांबावे. किंमत सांगतो तो एक पुरुष, उतरवितो तो दुसरा पुरुष; आणि दोघांच्या मध्ये उभी असलेली स्त्री मात्र लोभी. आणि शहवारची श्रीमंती कोणाची? ती त्याच्या पहिल्या पत्नीची, माहमची, असे पुढे निघते. ती परत येऊन त्याला तुरुंगात धाडते. पत्नीच्या पैशावर जगणारा पुरुष दुसऱ्याची पत्नी विकत घेऊ पाहतो. एवढा मोठा उपरोध हाती आला असता लेखकाने तो प्रेक्षकांच्या रागाखाली पुरून टाकला.

अलीकडील ‘कभी मैं कभी तुम’ मला म्हणूनच बरी वाटली. २०२४ची ही मालिका. आदील लग्नाच्या तोंडावर शरजीनाला टाकून श्रीमंत रुबाबशी विवाह करतो. शरजीनाचे लग्न त्याच्या बेकार धाकट्या भावाशी, मुस्तफाशी लावले जाते. त्या दोघांचा संसार पुढे गच्चीवरच्या लहानशा भाड्याच्या जागेत जातो. घरभाडे, दुचाकी, पगाराची तारीख यांवर त्यांची भांडणे होतात, आणि प्रेम रुजते तेही याच हिशेबातून. पैशाविषयी नवरा-बायको एकमेकांशी सरळ बोलतात, असे दृश्य दुर्मिळ आहे, तिकडे आणि इकडेही.

पडद्यावरील निकाहाचा प्रसंग मात्र फारसा बदललेला नाही. काजीसाहेब ‘सिक्का-ए-राइजुलवक्त’ म्हणत मेहरचा आकडा वाचतात, कधी तो परंपरेचा सव्वाबत्तीस रुपयांचाही असतो. त्याच क्षणी कॅमेरा मुलीच्या झुकलेल्या मानेवर जातो आणि संगीत वाढते. आकडा त्या संगीतात बुडतो. अठराव्या रकान्याचे नावही निघत नाही. ज्या कथेत सोळाव्या भागात तलाक व्हावयाचा आहे, तिच्या पहिल्या भागात हा कागद कोणी नीट वाचला तर कथाच उरणार नाही, हे लेखकांस ठाऊक असावे.

बाई १९९०च्या दशकापर्यंत आमच्या घरी येत. निकाहाचा प्रसंग आला, की त्या खुर्ची पुढे सरकवीत आणि कानाशी हात नेऊन म्हणत, “गप्प बसा रे, आकडा ऐकू द्या.” माझ्या धाकट्या बहिणीच्या याद्या झाल्या त्या दिवशीही त्या हजर होत्या. पुरुषमंडळी बैठकीत, बायका आत. बाई उठून बैठकीत गेल्या आणि तो कागद मागून घेऊन मोठ्याने, एकेक ओळ, बहिणीला ऐकू जाईल अशा आवाजात वाचू लागल्या. कोणी काही बोलले नाही. तिसऱ्या ओळीवर माझ्या वडिलांनी मान खाली घातली. तो कागद मी जपून ठेवला आहे. व्याख्यानानंतर ज्यांना पाहावयाचा असेल त्यांनी अवश्य पाहावा.