नेम आणि सरासरी



१९०४ पासून तोफगाडे घडविणाऱ्या या जबलपुरात काडतुसाचा विषय परका नाही. परदेशी हौशी नेमबाज जुन्या पुंगळीचे तोंड आवळून ‘वाइल्डकॅट’ नावाचे नवेच काडतूस घरी घडवितात. आपल्याकडे, १९५९ च्या शस्त्र कायद्यान्वये, परवान्यावाचून काडतूस बनविता येत नाही. अशाच एका काडतुसाला, .२२-२५० ला, १९६५ साली रेमिंग्टन कंपनीने आपलेसे केले.

त्यास आरंभी तयार कोष्टक नसते. दारू कमी घेऊन प्रारंभ करावा, एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि दर बदलागणिक पाच गोळ्या लक्ष्यावर झाडून पाहाव्या. पाचांची सरासरी मध्यबिंदूवर आली, पण गोळ्या चहूकडे विखुरल्या, तर ते काडतूस अचूक नव्हे. अचूकता म्हणजे वेग नव्हे, एकसारखेपणा.

तरुणपणी नोकरीत दारूगोळ्याच्या एका खेपेची उत्तम सरासरी पाहून मी सही करावयास निघालो होतो. वरिष्ठ म्हणाले, “जवानाच्या हाती सरासरी पडत नाही, एक काडतूस पडते.” खेप परत गेली.

मंडळाच्या पन्नास वर्षांचा हिशेबही सरासरीने मांडू नये. एकही घर दूर पडलेले नाही ना, एवढे पाहावे.